सावध करणारा आवाज

शास्त्रवाचन : २ शमुवेल १२:१-१३, प्रेषितांची कृत्ये २५:६-१२

प्रेषित पौलाने फेस्तापुढे उभे राहून ज्या कैसराकडे दाद मागितली, तो कैसर म्हणजे नीरो. त्याचे नाव निघाले की आपल्याला क्रूरपणाच आठवतो. परंतु त्याचा आरंभ तसा नव्हता. इ. स. ५४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो गादीवर बसला. सेनेका व बुर्रस हे जाणते सल्लागार त्याच्याजवळ होते. देहदंडाच्या हुकमावर सही करताना, आपल्याला लिहिता आले नसते तर बरे झाले असते, असे तो म्हणाल्याची नोंद इतिहासकार स्वेतोनियस याने केली आहे.

मग हा मनुष्य बिघडला कसा? इ. स. ५९ मध्ये त्याने प्रत्यक्ष आईचा वध करविला. जाब विचारण्याऐवजी सिनेटने देवतांचे आभार मानण्याचा ठराव केला. थ्रेसिया नावाचा एकच सभासद उठून बाहेर गेला. पुढे त्याला प्राणास मुकावे लागले. इ. स. ६२ मध्ये बुर्रस वारला व सेनेका दूर झाला. आता अडविणारे कोणी उरले नाही.

इ. स. ६४ मध्ये रोम जळाले. १४ पैकी १० विभागांना आगीची झळ लागली. जळालेल्या जागेवर नीरोने स्वतःसाठी सुवर्णमहाल उभारला, आणि लोकांचा संशय आपल्यावरून टळावा म्हणून ख्रिस्ती लोकांवर दोष ठेवला. कित्येकांना कुत्र्यांकडून फाडविले, कित्येकांना रात्री दिव्यांसारखे जाळले.

इ. स. ६८ मध्ये बंड झाले. आभाराचा ठराव करणाऱ्या त्याच सिनेटने त्याला शत्रू ठरविले. मध्यरात्री तो जागा झाला तेव्हा पहारेकरी निघून गेले होते. त्याने मित्रांची दारे ठोठावली. कोणी ओ दिली नाही. शहराबाहेर एका घरात लपून, तिसाव्या वर्षी, त्याने स्वतःचा अंत करून घेतला.

प्रियजनहो, दावीद राजानेही रक्त सांडले होते. पण नाथान त्याच्यापुढे निर्भयपणे बोलला, आणि दावीदाने ते ऐकले. दोघा राजांत अंतर पडले ते इथेच.

आपल्याजवळ साम्राज्य नाही. पण घर आहे, हाताखालची माणसे आहेत, मंडळीतले पंचपद आहे. तिथे आपल्याला कोणी ‘हे चुकले’ असे म्हणू शकते काय? की आपल्या रागाच्या भयाने पत्नी, मुले व सोबती गप्प बसतात? घरातले हे मौन आपण मान समजत असलो, तर आपण नीरोच्याच वाटेवर आहो.

प्रभू आपल्याला नाथान देवो, आणि त्याचे ऐकणारे अंतःकरणही देवो.