तंबु चेट्टी रस्त्यावरचे दोन वकील

बंगळुरूच्या जलहळ्ळी भागात भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणजे बीईएलचा, अवाढव्य कारखाना आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीत मुख्यतः लष्करासाठी रडार आणि दळणवळणाची यंत्रे बनतात. तिथल्या संशोधन विभागात एस. रंगराजन नावाचे एक इंजिनिअर होते. भारताच्या मतदान यंत्राच्या घडणीत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. १९९३ मध्ये ते निवृत्त होऊन चेन्नईला गेले, २००८ च्या फेब्रुवारीत वारले. पण त्यांच्या मृत्यूने तमिळ वाचक हळहळला तो मतदान यंत्रासाठी नव्हे. हा इंजिनिअर म्हणजे ‘सुजाता’ होता. ‘कुमुदम’ साप्ताहिकात रंगराजन नावाचे एक लेखक आधीच होते, नावांचा घोळ नको म्हणून यांनी बायकोचे नाव घेतले आणि त्याच नावाने आयुष्यभर लिहिले. मराठी माणसाला त्यांचा पत्ता सांगायचा तर मणिरत्नमच्या ‘रोजा’चे संवाद त्यांचे.

सुजाता यांनी कथा, नाटके, विज्ञानकथा, सदरे, पटकथा असे उदंड लिहिले. तरी वाचकांच्या तोंडी सगळ्यात आधी येतात ती दोन नावे म्हणजे गणेश आणि वसंत. गणेश १९६८ च्या ‘नायलॉन कयिरु’ या कादंबरीत पहिल्यांदा आला. सुरुवातीला तो दिल्लीत वकिली करायचा. मग चेन्नईला आला, तंबु चेट्टी रस्त्यावर त्याचे ऑफिस थाटले गेले आणि ‘प्रिया’ या कादंबरीपासून वसंत नावाचा ज्युनिअर त्याच्या हाताखाली आला. तिथून पुढे तीन दशकांहून अधिक काळ ही जोडी खुनांच्या भानगडी निस्तरत राहिली.

हे दोघे वकील आहेत, ही गोष्ट वाटते त्याहून मोठी आहे. खासगी गुप्तहेर ही व्यक्ती भारतीय वाचकाला कधी प्रत्यक्षात भेटलेलीच नाही. खून झाला की पोलीस येतात, पंचनामा होतो, तपास त्यांचाच असतो. अशा वेळी पाइप ओढत कोणी तिऱ्हाईत मृतदेहाजवळ वाकून बघू लागला, तर हवालदार त्याला हाकलून देईल. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक गुप्तहेरांच्या पायाखाली जमीन नसते. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड हे मराठी वाचकाचे लाडके खरे, पण ते अद्भुताच्या मुलुखातले रहिवासी. तमिळमध्ये तमिळवाणन यांचा शंकरलाल त्याच जातीचा. वकिलाचे तसे नसते. त्याच्याकडे पक्षकार येतो, रडतो, निम्मे खरे आणि निम्मे खोटे सांगतो. वकिलाला तुरुंगात जाऊन आरोपीला भेटायचा अधिकार असतो, कागद मागायचा अधिकार असतो, आणि फीसुद्धा मिळते. एर्ल स्टॅन्ली गार्डनर स्वतः वकील होते. पेरी मेसनच्या ऐंशीहून अधिक कादंबऱ्या त्यांनी याच पायावर उभ्या केल्या. मराठीत सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी असे नायक निर्माण केले, तरी त्यांचा अमर विश्वास अधिक खरा वाटतो, कारण तोही वकील आहे.

पण पेशा खरा वाटणे ही झाली दारातून आत जाण्याची सोय. वाचक पुन्हा पुन्हा का येतो, हा प्रश्न वेगळा.

रहस्यकथेचे आकर्षण रहस्यात असते, हे उत्तर फारच सोपे आहे, आणि मालिकेच्या बाबतीत ते चूक आहे. रहस्य एकदा कळले की संपते. मात्र गणेश–वसंतच्या कादंबऱ्या, खुनी कोण हे पाठ असलेले लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचतात. त्यांना हवे असते ते त्या ऑफिसातले बोलणे. गणेश मोजके बोलणारा, पुराव्यावाचून कशावर विश्वास न ठेवणारा. वसंत चावट, चौफेर वाचलेला, कुठलीही बाई दिसली की जिभेचा ताबा सुटणारा, आणि अधूनमधून गणेशच्याही आधी नेमके सूत्र पकडणारा. ‘बॉस’ अशी हाक मारून तो आपल्या वरिष्ठाची टर उडवतो. होम्सचा वॉटसन थक्क होण्यासाठी जन्मलेला असतो. वसंत थक्क वगैरे होत नाही. त्याची जात रेक्स स्टाउटच्या आर्ची गुडविनची आहे. त्याला काढून टाकले तर गणेश नुसता हुशार वकील उरेल, आणि हुशार वकिलाच्या घरी दर आठवड्याला कोण जाईल?

वसंतचा एक विनोद आहे, मेक्सिकोतल्या धोबिणीचा. तो वेगवेगळ्या कादंबऱ्यांत हा विनोद सांगायला घेतो आणि दर वेळी काहीतरी आडवे येते. कोणी दारात येते, फोन वाजतो किंवा गणेश त्याला गप्प करतो. विनोद कधीच पुरा होत नाही. या अर्धवट विनोदाची तमिळ वाचकांत इतकी चर्चा झाली की भल्याभल्या खुनांच्या वाट्याला ती आली नसेल. लेखकाने यात ओळखलेली गोष्ट अशी की खुनाचा उलगडा करून टाकणे भागच असते, नाहीतर वाचक चिडतो. पण काहीतरी हातचे राखावे लागते, आणि जे राखायचे ते कथानकाच्या बाहेरचे हवे.

यात साप्ताहिकाचा मोठा हात आहे. ‘कुमुदम’, ‘आनंद विकटन’ ही तमिळ साप्ताहिके लाखांच्या संख्येने खपत. क्रमशः कादंबरी घराघरात एकाच आठवड्यात पोचायची आणि सगळ्यांचीच उत्कंठा एकाच ठिकाणी ताणलेली असायची. पुढचे प्रकरण येईपर्यंत लोकांना बोलायला सात दिवस मिळत. पात्रे ओळखीची होतात ती या मधल्या दिवसांत. मराठीत ‘हंस’, ‘नवल’ यांच्यासारखी मासिके होती, ‘धनंजय’सारखे दिवाळी अंक रहस्यकथेला वाहिलेले होते. पण दिवाळी अंक वर्षाने येतो. अर्नाळकर, गुरुनाथ नाईक यांच्या मालिका जगल्या त्या वाचनालयांतून पंधरा-वीस पैसे भाड्याने फिरणाऱ्या पुस्तकांवर. पुस्तक एकट्याने, रात्रीत वाचून सकाळी परत करायचे. वेड तेवढेच, पण ते ज्याचे त्याचे.

दुसरा फरक अधिक बोचरा आहे. ज्या काळात सुजाता ‘कुमुदम’मध्ये खून पाडत होते, त्याच काळात ते ‘कणैयाळि’ या गंभीर वाङ्मयीन नियतकालिकात शेवटच्या पानाचे सदर लिहीत होते, श्रीरंगममधल्या बालपणावर नितळ कथा लिहीत होते. वाचक दोन्हीकडे तोच असायचा. नाके मुरडणारे तमिळमध्येही होते, पण लेखकाला दोन दारांतून ये-जा करता आली. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली, कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, आणि मराठी समीक्षेने त्यांना बहुतेक काळ ओसरीवरच बसवून ठेवले. याचा तोटा अर्नाळकरांपेक्षा मराठी गद्याला अधिक झाला. वेगवान, बोलभाषेला जवळचे, कमी शब्दांत दृश्य उभे करणारे गद्य रहस्यकथेत तयार होते. सुजातांनी ते तमिळ साहित्याच्या मुख्य प्रवाहात आणले. जिना उतरणाऱ्या माणसासाठी ‘उतरला’ हे क्रियापद अक्षरागणिक पायऱ्यांसारखे खाली खाली छापण्याची त्यांची क्लृप्ती आजही सांगितली जाते. इंग्रजी शब्द त्यांनी बिनदिक्कत वापरले, कारण त्यांची पात्रे तशीच बोलणारी होती.

इथे बंगळुरूचा संबंध येतो. बीईएल, एचएएल, आयटीआय, एचएमटी या सरकारी कारखान्यांनी शहरात दक्षिणेच्या चारही भाषा बोलणारा तंत्रज्ञांचा मोठा वर्ग आणून वसवला. घरात मातृभाषा, कारखान्यात इंग्रजी, बाजारात कन्नड. या वर्गाला विज्ञानाचा अभिमान होता आणि देव्हाराही सुटलेला नव्हता. सुजाता त्यांच्यातलेच. ‘कोलैयुदिर कालम’ ही त्यांची गाजलेली कादंबरी याच कात्रीत वाचकाला धरते. गावातल्या वाड्यात भुताटकी दिसते, माणसे मरतात. गणेश होलोग्राफीच्या आधारे वैज्ञानिक उलगडा मांडतो, पण शंकेला पुरते बाहेर काढत नाही. ऐंशीच्या दशकात साप्ताहिक वाचणाऱ्या कित्येकांनी होलोग्राम हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल तो भुताच्या गोष्टीत.

मतदान यंत्राची कथाही, पाहू गेल्यास, गणेशच्या कामकाजात शोभेल अशी आहे. १९८२ मध्ये केरळातल्या परवूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर यंत्रे वापरली गेली. १२३ मतांनी हरलेला उमेदवार कोर्टात गेला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या केंद्रांवरचे मतदान रद्द केले. कारण यंत्र खोटे बोलले हे नव्हते, यंत्राने मतदान घ्यायची तरतूदच कायद्यात नव्हती हे होते. आधी हरलेला उमेदवार फेरमतदानात जिंकला. असा शेवट कादंबरीत घातला असता तर वाचकांनी लेखकाला धारेवर धरले असते.

त्याच बंगळुरूत रहस्यकथेचा आणखी एक मोठा कारखाना चालू होता. एन. नरसिंहय्या यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. ‘पत्तेदार पुरुषोत्तम’पासून सुरुवात करून त्यांनी कन्नडमध्ये पाचशेहून अधिक गुप्तहेर कादंबऱ्या लिहिल्या. २०११ मध्ये ते वारले. कन्नड घरांतल्या अनेकांना वाचनाचे व्यसन त्यांनी लावले, हे जुने वाचक आजही कबूल करतात. अर्नाळकरांच्या बाबतीत मराठी घरांत जे घडले तेच हे. सुजातांच्या हाताशी मात्र इंजिनिअरिंगची पदवी, इंग्रजी वाचन आणि प्रतिष्ठित नियतकालिके होती. एकाच शहरातल्या या दोघांना मिळालेल्या मानातला फरक केवळ लेखनाच्या दर्जावरून ठरला असे मानणे भाबडेपणाचे होईल.

सुजातांचे दोषही मालिकेतूनच आलेले आहेत. आठवड्याच्या तगाद्यात लिहिलेल्या कित्येक कादंबऱ्यांचे शेवट घाईत गुंडाळलेले आहेत. वसंतची बायकांविषयीची शेरेबाजी त्या वेळी खोडकर वाटली, आज ती वाचताना अवघडायला होते. कथेतल्या बायका बहुधा सुंदर, संकटातल्या किंवा संशयित. वकिलाच्या खुर्चीत त्यांच्यापैकी कोणी बसत नाही. पुढच्या पिढीतल्या पट्टुक्कोट्टै प्रभाकर यांनी भरत–सुशीला, सुभा या लेखकद्वयाने नरेंद्रन–वैजयंती, कोइमतूरच्या राजेशकुमार यांनी विवेक–रुबेला अशा स्त्री-पुरुष जोड्या आणल्या, त्या टपऱ्यांवर आणि बस स्टँडवर खपणाऱ्या पॉकेट कादंबऱ्यांतून गाजल्या. जोडीची कल्पना उचलली गेली, दुरुस्तही झाली. तो संवाद मात्र कोणाला तसाच साधला असे वाटत नाही.

सिनेमालाही तो साधला नाही. १९७८ मध्ये एस. पी. मुत्तुरामन यांनी ‘प्रिया’ पडद्यावर आणला, तमिळ आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत. कादंबरीतले लंडन जाऊन सिंगापूर आले, इळैयराजांची गाणी आली, मारामाऱ्या आल्या. वकील गणेशच्या भूमिकेत होते रजनीकांत, म्हणजे बंगळुरूच्या मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड, काही वर्षांपूर्वी याच शहरात बस कंडक्टर असलेले. चित्रपट जोरात चालला. सुजाता नाराज होते, आणि कादंबरीचे वाचकही. पडद्यावर नायक एकटाच पुरतो. त्यांचा गणेश ऑफिसात बसून वसंतचे बोलणे ऐकून घेणारा होता.