रिकामी जागा

विचुंब्याला आमच्या खिडकीतून गाढी नदीचे एक वळण दिसते. माथेरानच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी देहरंगच्या धरणात थोडी थबकते, पनवेलला पाणी पाजते आणि पुढे खाडीला मिळते. माघ सरत आला की तिचे पात्र आटू लागते, गोटे उघडे पडतात, आणि त्या गोट्यांवर शेपटी वरखाली हलवीत धोबी पक्षी नाचू लागतात. हे धोबी येथले नव्हेत. ते हिवाळ्यात येतात आणि उन्हाळा चढण्यापूर्वी निघून जातात. कित्येक वर्षे आम्ही त्यांस पाहिले, पण ते केव्हा येतात व केव्हा जातात याची नोंद आमच्या मनाने कधी घेतली नव्हती. ती घेण्यास आम्हांस एका शेजाऱ्याने भाग पाडले.

हे गृहस्थ मूळचे वसईचे. गेली वीस वर्षे कुवेतला नोकरी करतात आणि वर्षाकाठी एक महिना रजेवर येतात. विचुंब्यास त्यांनी घेतलेली सदनिका उरलेले अकरा महिने कुलूपबंद असते. माघी पौर्णिमेच्या सुमारास ते आले तेव्हा त्यांच्या मुलीने दिलेली दुर्बीण बरोबर होती. “फादर, फ्लेमिंगो बघायला जाऊ या,” असा त्यांनी आग्रह धरला. आम्ही पहाटेची मिस्सा आटोपून पनवेलहून लोकल धरली आणि सीवूड्सला उतरून नेरूळच्या खाडीकाठच्या पाणथळाशी जाऊन उभे राहिलो. सकाळचे सात वाजले असतील.

पाहतो तो काय, पाण्याचा पातळ थर, चिखल, कडेने खारफुटी, दोन बगळे आणि दूरवर उभ्या इमारती. एवढेच. आमचे शेजारी हिरमुसले. दुर्बीण गळ्यात तशीच ठेवून ते म्हणाले, “येथे तर काहीच नाही, फादर. रिकामी जागा. दहा टॉवर सहज बसतील.” खोटे कशाला सांगावे, आमच्याही मनात नेमके तेच आले होते.

बांधावर एक म्हातारे कोळी बसले होते. त्यांनी आमच्याकडे न पाहताच सांगितले, “आज उधाण आहे. आता सुकती लागलीय. पाखरं खाडीत चरतायत. भरती झाली की इकडे येतील. बसा.” आम्ही बसलो. वडापाव खाल्ला, प्रार्थनापुस्तकातली सकाळची प्रार्थना म्हटली, शेजाऱ्यांनी कुवेतच्या उन्हाळ्याचे वर्णन केले. अकराच्या सुमारास खाडीच्या दिशेने आकाशात गुलाबी रेघ उमटली. मग दुसरी. मग मोजता येईनात इतक्या. अर्ध्या तासात ती ‘रिकामी जागा’ अशी भरली की दोन पक्ष्यांच्या मधून पाणी दिसणे कठीण झाले. फ्लेमिंगो होतेच, त्यांच्या पायांशी शेकाट्या, चिखल्या, तुतवार, लांब सरळ चोचीचे गॉडविट, आणि वाटाण्यासारखे इकडून तिकडे पळणारे टिलवे. टिलव्याचे वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम असते. हा जीव सैबेरियाच्या उत्तर टोकास, बर्फ वितळलेल्या माळावर अंडी घालतो आणि थंडी काढण्यासाठी आपल्या चिखलात येतो. फाल्गुन-चैत्रात परतण्यापूर्वी हे पक्षी खाण्यावाचून दुसरे काही करीत नाहीत. प्रवासाची शिदोरी त्यांना अंगावर चरबीच्या रूपाने बांधावी लागते आणि काही जातींत वजन दीडपटीच्याही वर जाते. 2022 साली अलास्काहून निघालेल्या एका गॉडविटने वाटेत कोठेही न उतरता अकरा दिवसांत 13,560 किलोमीटर अंतर कापून टास्मानिया गाठल्याची नोंद आहे. तो आपल्याकडील जातीचा नव्हे, त्याचा भाऊबंद. परंतु अशा प्रवासाच्या आधीचे काही आठवडे एखाद्या चिखलाचे मोल काय असते, हे त्यावरून समजते.

खाडीचा चिखल भरतीत बुडाला की या पक्ष्यांना टेकण्यास उथळ, निवांत पाणी लागते. ते मिळाले नाही तर त्यांनी कोठे उभे राहावे? फ्लेमिंगोला झाडावर बसता येत नाही. म्हणजे जी जागा सात वाजता आम्हांस निरुपयोगी वाटली, तिचा उपयोग अकरा वाजता सुरू होणार होता. जागा रिकामी नव्हती. आम्ही अवेळी आलो होतो.

ही गोष्ट एवढ्यावर संपली असती तर तिला आम्ही पक्षीनिरीक्षकाचा अननुभव म्हटले असते. परंतु परतीच्या गाडीत आमच्या मनात एकच शब्द घोळू लागला: रिकामी. हा शब्द दिसतो वर्णनाचा. वास्तविक तो निवाडा असतो. सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मालकीचा उगम मनुष्याच्या श्रमात शोधला, आणि जी भूमी कसली जात नाही ती वाया गेलेली मानली. विचार वरवर पाहता न्याय्य वाटतो. मात्र त्याच जातीच्या विचाराचा आधार घेऊन पुढे ऑस्ट्रेलिया खंड ‘कोणाचीही नसलेली भूमी’ ठरला. तेथे माणसे हजारो वर्षे राहत होती; फक्त ती युरोपियनांस दिसेल अशा रीतीने राहत नव्हती. ही कल्पना टाकून देण्यास तेथील उच्च न्यायालयास 1992 साल उजाडावे लागले.

आपल्याकडचे उदाहरण पाहू. 1971 साली इराणमधील रामसर येथे झालेल्या कराराने पाणथळाची जी व्याख्या केली तीत कायमचे व तात्पुरते, नैसर्गिक व मानवनिर्मित, गोडे व खारे असे सर्व पाणी सामावले आहे. भारत 1982 पासून त्या करारात आहे, आणि आमच्या शेजारची ठाणे खाडी 2022 साली रामसर यादीत गेली. परंतु आपल्या 2017 च्या पाणथळविषयक नियमांनी नदीपात्रे, भातखाचरे, आणि मीठ, मत्स्यपालन, सिंचन वा पिण्याचे पाणी यांसाठी माणसाने केलेली तळी या व्याख्येतून वगळली. पनवेल-उरणच्या खाजणात मग उरले काय? येथे भातखाचर आहे, मिठागर आहे, बांध घालून अडविलेले पाणी आहे. कागदावर पाणथळ नसलेल्या त्या पाण्यात टिलवा मात्र उतरतो. त्याला नियम वाचता येत नाहीत.

येथे आमचे काही वाचक रागावतील, आणि त्यांचा राग आम्हांस रास्त वाटतो. ‘पाखरांसाठी गळा काढता, माणसांचे काय?’ या पट्ट्यात हा प्रश्न पोकळ नव्हे. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या त्या येथल्याच शेतकऱ्यांच्या. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात जे आंदोलन झाले त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व त्या रक्तातून पुढे आले. विमानतळासाठी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला. ऑक्टोबर 2025 मध्ये त्या विमानतळाचे उद्घाटन झाले व डिसेंबरात विमाने उडू लागली. आमचे शेजारी पुढील रजेस कदाचित घराशेजारीच उतरतील, आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईला भेटण्याचा त्यांचा एक दिवस वाचेल. तो दिवस आम्ही हिशेबातून वगळणार नाही. आम्ही स्वतः ज्या इमारतीत राहतो ती भाताच्या शेतावर उभी आहे. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर तेथे वाल पेरला जात असे, असे गावातील जुनी मंडळी सांगतात. तेव्हा शुद्ध हातांनी बोलण्याचा अधिकार आमच्याकडे नाही.

मात्र नीट पाहिले तर शेतकऱ्याचा दावा आणि पक्ष्याचा दावा एकमेकांविरुद्ध उभे नाहीत. दोघांच्याही बाबतीत अन्यायाची सुरुवात एकाच शब्दाने झाली. खाजण म्हणजे पडीक, मिठागर म्हणजे ओसाड, कोळ्यांची जाळी सुकविण्याची जागा म्हणजे मोकळे मैदान. अगोदर जागा शब्दाने रिकामी केली जाते, भराव नंतर येतो.

सेमिनरीत आम्हांस शिकविले गेले की हक्क हा कर्तव्याचा जोडीदार. पक्ष्याला कर्तव्य नाही म्हणून हक्कही नाही. ही मांडणी आम्ही तीस वर्षे निःशंकपणे स्वीकारली व शिकविली. ती चूक आहे असे आजही आम्हांस वाटत नाही. परंतु बांधावर बसलो असता तिने आमच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही, कारण प्रश्न पक्ष्याला हक्क आहे की नाही हा नव्हताच. प्रश्न आमच्या खरेपणाचा होता. जे भरलेले आहे त्यास आम्ही रिकामे म्हटले. एखाद्याची वस्तू गरजेपोटी घ्यावी लागणे वेगळे, आणि ती त्याची नव्हतीच असे सांगून घेणे वेगळे. पहिल्यात घेणाऱ्याला टोचणी राहते, आणि टोचणी राहिली तर तो कमी घेतो, काही परत ठेवतो. दुसऱ्यात त्याला झोप चांगली लागते.

निर्गमाच्या ग्रंथात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याचा नियम आहे, हे बहुतेकांस ठाऊक आहे. त्यातला तपशील मात्र आम्हीही प्रवचनात घाईने उरकत आलो: त्या वर्षी जे उगवेल ते प्रथम गरिबांनी खावे, आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातील पशूंनी. तेथे पडीक जमीन रिकामी मानलेली नाही. तिचे ग्राहक ठरलेले आहेत आणि त्यांच्यात गरीब व पशू एकाच ओळीत बसले आहेत.

व्यवहाराच्या दृष्टीनेही खोट्या शब्दाची किंमत चुकवावी लागते. मे 2024 मध्ये मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाची घाटकोपरवर फ्लेमिंगोंच्या थव्याशी धडक झाली आणि एकोणचाळीस पक्षी वस्तीत येऊन पडले. विमान सुखरूप उतरले, ही देवाची कृपा. खाडीकाठची तळी बुजविली तर पक्षी नाहीसे होत नाहीत; उभे राहण्यास जागा शोधीत ते भरकटतात, आणि विमानतळाच्या आसपास तर ते कोणालाच परवडणारे नाही. म्हणूनच अभ्यासक ही तळी राखण्याचा सल्ला देत आले आहेत. नेरूळचे तीस एकरांचे एक तळे संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने 2025 मध्ये मान्यता दिली. उशिरा का होईना, कोणीतरी कागदावर ‘येथे कोणीतरी आहे’ असे लिहिण्याचे ठरविले.

शेजाऱ्यांची रजा फेब्रुवारीअखेर संपली. निघण्याच्या आदल्या रात्री ते किल्ली घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या सोसायटीत कोणी एकाने, ‘एवढी जागा अकरा महिने फुकट पडून असते, आम्हाला सामान ठेवायला द्या,’ असे सुचविले होते, आणि ते त्यांस फार लागले होते. “फुकट कशी पडून असते, फादर? माझे घर आहे ते.” आम्ही काही बोललो नाही. तेही क्षणभर गप्प राहिले, मग हसले आणि म्हणाले, “ती पाखरेही आता निघाली असतील, नाही?” आम्ही सांगितले की अद्याप नाही, त्यांचे खाणे अजून व्हायचे आहे, एप्रिलपर्यंत थांबतील. किल्ली टेबलावर ठेवून, महिन्यातून एकदा खिडक्या उघडा, पावसाळ्यात भिंतींना ओल धरते, एवढे सांगून ते जिना उतरले.