विश्रांतीला निमित्त कशाला?

भैंसा, मुधोळ आणि कुबीर ही तीन सर्कले १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होती. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नांदेड मुंबई राज्यात गेले आणि ही तीन सर्कले आंध्र प्रदेशात गेली. मग आदिलाबाद जिल्हा आणि २०१६ पासून निर्मल, असा त्यांचा पत्ता बदलत गेला. सरहद्द सरकली तरी इथल्या मराठी घरातली उंबरा ओलांडायची रीत काही बदलली नाही. घर सोडायचे तर निमित्त लागते. लेकराच्या हाती पाटी द्यायला बासरला जावे, देवीला माहूरला जावे, एकादशीला पंढरी गाठावी. पैनगंगेकाठी उनकेश्वरला गरम पाण्याची कुंडे आहेत, पण तिथे अंग बुडवायचे तर अंगावर काहीतरी उठलेले असावे, निदान महादेवाचे दर्शन तरी पदरात पडावे. याखेरीज लग्न, दहावा आणि दवाखाना. 'थकलोय, दोन दिवस नुसता लोळायला चाललोय' असे म्हणून कुणी एसटीत बसत नाही. जिनिंगचा हंगाम आटोपल्यावर एखादा व्यापारी हैदराबादेच्या चांगल्या हॉटेलात उतरला, अंगाला तेल लावून घेतले, वाफ घेतली, दुपारभर झोपला, तरी परतल्यावर शेजाऱ्याला तो 'काम होतं' असेच सांगणार. या संकोचाला आपण धर्माचा संकोच म्हणतो. तो खरोखर धर्माचा आहे का, हे तपासून पाहायला हवे.

माझे म्हणणे असे, की थकलेल्या देहाला सुख देणे हे आपल्या धर्मात पाप तर नाहीच, उलट ते एक देणे आहे, ऋण फेडावे तसे फेडायचे. हॉटेलातल्या विश्रांतीत दोष असेल तर तो सुख घेण्यात नाही, वेगळ्याच ठिकाणी आहे. पण त्याआधी पुरावा पाहू, आणि तो पोथीतल्या वचनांपेक्षा आचारातला घेऊ. वचने दोन्ही बाजूंनी काढता येतात, शेकडो वर्षे चालत आलेल्या आचारात मात्र समाज स्वतःला काय पटले ते दाखवत असतो.

पंढरपूरच्या मंदिरात आषाढीच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढतात. यात्रेच्या काळात देव निजत नाही, रात्रंदिवस उभा राहून दर्शन देतो. शेजारती बंद होते आणि उभ्या उभ्या टेकता यावे म्हणून त्याच्या पाठीशी मऊ कापसाचा लोड लावतात, रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या. वारी सरली, गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते. पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने न्हाऊ घालतात आणि रात्री वनौषधींचा काढा देतात. शिणवटा गेला की पलंग पुन्हा लावला जातो आणि देवाचे नित्योपचार सुरू होतात. पाय चोळणे, गरम पाणी, काढा, झोप: हॉटेलच्या चकचकीत पत्रकावर याहून फारसे वेगळे काही छापलेले नसते. ज्या संप्रदायाने देहाला नाशिवंत म्हटले, त्यानेच आपल्या देवाला थकवा येऊ दिला आणि तो उतरवायची सोयही पंचांगात बसवली, याकडे नीट पाहिले पाहिजे. देव थकतो हे तर्काला पटत नाही. पण तो थकत नाही असे धरून त्याला बाराही महिने उभा ठेवणे त्या भक्तांच्या मनाला पटले नाही.

कुणी म्हणेल, ही देवाची गोष्ट झाली, माणसाने त्याची बरोबरी कशी करावी? बरे, देव सोडू, बैल घेऊ. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. ज्या खांद्यावर वर्षभर जू बसले, ज्याला घट्टे पडले, तो खांदा गरम पाण्याने शेकून हळद आणि तूप किंवा लोणी लावून मळतात. हलक्या हाताने, लोमाच्या दिशेने. बैल मान खाली घालून डोळे मिटतो, त्याला हे कळते. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर जू नाही, आणि पुरणपोळीचा पहिला घास त्याचा. भैंसाच्या काळ्या रानात कापूस आणि सोयाबीनचे काम आता ट्रॅक्टरवर बरेच गेले असले तरी ज्याच्या दावणीला बैल आहे तो हे चुकवत नाही. आणि महाभारतात तर या गोष्टीला ऐन युद्धात जागा आहे. जयद्रथाला सूर्यास्ताच्या आत मारीन, नाहीतर अग्निकाष्ठे भक्षण करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. एकेक घटका मोलाची. अशा वेळी घोडे थकले म्हणून कृष्ण रथ थांबवतो. अर्जुन बाणाने जमीन फोडून पाणी काढतो, बाणांचाच आडोसा उभा करतो. कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण उपसतो, स्वतःच्या हाताने त्यांना चोळतो, पाणी पाजतो, लोळू देतो आणि मग पुन्हा जुंपतो. द्रोणपर्वातला हा प्रसंग कीर्तनात क्वचितच निघतो, कारण आपल्याला गीता सांगणारा कृष्ण हवा असतो, खरारा करणारा नको असतो. कर्तव्य टाकून विश्रांती नको, हे ठीक. पण विश्रांती नाकारून कर्तव्य पार पडते, असेही त्या सारथ्याला वाटलेले दिसत नाही.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे, आणि माझ्या मते सगळा वाद तिच्यापाशी येऊन थांबतो. विठ्ठल काढा मागत नाही, बैल लोणी मागत नाही, घोडे तर मुकेच. त्यांचा थकवा दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात येतो आणि तो दुसरा हात पुढे करतो. विश्रांती इथे दिली जाते, घेतली जात नाही. मग ज्यांचा थकवा कुणाच्याच लक्षात येत नाही, त्यांनी काय करायचे? नरक चतुर्दशीच्या पहाटे घरातल्या प्रत्येकाला तेल-उटणे लागते. ते लावणारी बाई सगळ्यांच्या आधी उठून बंब पेटवते, एकेकाला पाटावर बसवते, ओवाळते, आणि स्वतः न्हाते तेव्हा पाणी कोमट झालेले असते आणि फराळाची ताटे खोळंबलेली असतात. तिला तेल कुणी लावायचे, याचे उत्तर आपल्या रीतीत जवळजवळ नाही. तिच्या वाट्याला अंगाला तेल आणि शेक-शेगडी येते ती बाळंतपणात, तीही मुख्यतः माहेरी, सव्वा महिना. म्हणजे तिच्या देहाला निवांतपणा मिळायचा तर आधी तिने एक जीव जन्माला घालावा! अशा बाईने, नाहीतर चाळीस वर्षे गल्ल्यावर बसून पाठ धरलेल्या दुकानदाराने, रात्रपाळीतल्या परिचारिकेने पैसे मोजून दोन दिवस चांगल्या हॉटेलात काढले तर ती चैन म्हणावी की उशिरा फिटलेले देणे? देणारा कुणी उरला नाही तेव्हा विकत घेणे हाच मार्ग राहतो, आणि त्यासाठी खोटे निमित्त सांगावे लागणे हाच मला जास्त अधर्म वाटतो.

याला सगळ्यात भक्कम आक्षेप गीतेतूनच येतो. अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे ते सात्त्विक, विषय आणि इंद्रिये यांच्या संयोगाने आधी गोड आणि शेवटी कडू ते राजस, आणि निद्रा, आळस, प्रमाद यांतून उपजणारे, आरंभापासून शेवटपर्यंत भुलवणारे ते तामस. तेलाचा मऊ हात, उबदार पाणी आणि दुपारची झोप यांना या वर्गवारीत कुठे बसवणार? आक्षेप घेणारा म्हणतो, राजसात, आणि झोपेपुरते तामसात. पण त्याच गीतेचा सहावा अध्याय स्पष्ट सांगतो, की जो फार झोपतो त्याला योग साधत नाही आणि जो फार जागतो त्यालाही नाही. आहार, विहार, कर्म, झोप आणि जागणे सगळे माफक असेल त्याचाच योग दुःख हरतो. सतराव्यात तर शास्त्र सोडून देहाला छळणाऱ्या तपस्व्यांना भगवंत आसुरी निश्चयाचे म्हणतो. तेव्हा गीतेची कसोटी सुखाच्या जातीपेक्षा त्याच्या परिणामाला लागते. झोपेतून उठलेला माणूस जागा होतो की आणखी सुस्तावतो, एवढेच पाहायचे. ज्ञानेश्वरांनी याच सहाव्या अध्यायावर लिहिताना योग्याच्या जागेचे जे वर्णन केले आहे ते वाचावे. एकदा बसले की उठावेसे वाटू नये अशी जागा, निर्मळ पाणी, मंद वारा, दाट झाडी, गलका नाही. मोर कधीमधी आलाच तर त्याला नको म्हणायचे नाही, इतकी मोकळीक. आणि विलासी राजालाही राज्य सोडून इथेच राहावेसे वाटावे, असे ते म्हणतात. जागेच्या सुखाने मन आत वळते, हे त्यांनी गृहीत धरलेले आहे. आता हैदराबादेच्या हॉटेलात पाहुण्याचे मन आत वळते की मोबाइलकडे, हा प्रश्न उरतो. तो पाहुण्याला विचारायचा आहे, तेलाला नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त भावनेचा आहे आणि म्हणून जास्त चुकीचा. पूर्वी सेवा प्रेमाने होई, आता ती दरपत्रकावर आली, परक्या माणसाने पैशासाठी पाय चोळणे यात कसला धर्म, असे म्हणतात. यात आजीच्या हाताची आठवण असते, तिला कुणी नाकारत नाही. पण पूर्वी गावातल्या पाटलाचे आणि त्याच्या पाहुण्याचे अंग कोण रगडत होते? बलुतेदार न्हावी. त्याच्या प्रेमाची चौकशी कुणी केली नव्हती. खळ्यावर मिळेल तेवढ्या धान्यावर, पिढीजात, 'नाही' म्हणायची सोय नसलेले ते काम होते. जातीने लादलेल्या सेवेपेक्षा ठरलेल्या पगाराची, सोडून जाता येण्यासारखी नोकरी धर्मदृष्ट्याही वरच्या पायरीवर आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. पैशाने सेवा बाटली नाही, बऱ्याच अंशी ती मोकळी झाली. मात्र अंशानेच. दिवसभर उभे राहून एकामागून एक पाठी चोळणाऱ्या मुलीचे अंगठे आणि मनगटे दुखतात, कंबर धरते. ती बहुधा घरापासून फार लांब आलेली असते, आणि पाहुण्याला तिचे नाव गणवेशावरच्या पट्टीपुरते माहीत असते. तिची खांदेमळणी कोण करतो?

विश्रांती घेण्यातला खरा दोष इथे आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाबरोबर सालगड्यालाही नवे कपडे आणि जेवण देण्याची पद्धत आहे. वर्षभर गड्याला राबवणाऱ्यानेही निदान त्या दिवशी मान्य केलेले असते, की थकवा बैलापाशी थांबत नाही, त्याच्यामागे चालणाऱ्यालाही असतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना साप्ताहिक सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे झगडले आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्या मागणीत होता असे सांगतात. लोखंडे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. भटशाहीशी उभा दावा मांडलेल्या माणसाला मल्हारी मार्तंडाचा वार मागणीत धरावासा वाटला असेल, तर त्यातून एवढे नक्की कळते की विश्रांतीचा हक्क लोकांना देवाच्या नावाने लवकर पटतो. तोच हक्क मालिश करणारीला लागू आहे. पैसे मोजले म्हणजे देणे फिटले असे पाहुण्याला वाटते. त्याने स्वतःचे देणे फेडलेले असते, तिचे बाकी असते.

गरिबीचा मुद्दाही काढला जातो. शेजारी कापसाला भाव नाही, कर्ज थकले आहे आणि तुम्ही एका रात्रीला हजारो रुपये उडवता. हा मुद्दा खोटा नाही, पण तो लग्नातल्या मांडवाला, दाराशी उभ्या नव्या गाडीला आणि देवाच्या सोन्याच्या मुकुटालाही तेवढाच लागू आहे. त्या खर्चावर गप्प बसून फक्त विश्रांतीच्या खर्चावर बोट ठेवले जाते, कारण विश्रांती दिसत नाही, तिचा फोटो भिंतीवर लावता येत नाही. आपल्याला खर्च डाचत नाही, रिकामपण डाचते.

हॉटेलवाल्यांनी या सगळ्यात आपली एक भर घातली आहे आणि ती मला साफ नापसंत आहे. स्वागतकक्षात ध्यानस्थ बुद्धाचा पुतळा, स्पीकरवर ओंकार, खोल्यांना चक्रांची नावे, आणि तासाभराच्या मालिशीला 'आत्मशुद्धी'. ग्राहकाचा संकोच धर्माच्या नावाने घालवण्याची ही युक्ती म्हणजे बासरच्या निमित्ताचीच शहरी आवृत्ती, फक्त महाग. आयुर्वेदाच्या वाग्भटाने दिनचर्येत रोज अभ्यंग सांगितला, डोके, कान आणि तळपाय विशेष करून. पण अजीर्ण झालेल्याने तो करू नये, असेही लगेच बजावले आहे. सकाळच्या बुफेत चार ताटे रिचवून दहा वाजता टेबलावर पालथ्या पडलेल्या पाहुण्याला हे कुणी सांगत नाही. बुद्धाचेही तसेच. भिक्षूंना गोडधोड जेवणाने जडत्व येते असे वैद्य जीवकाने पाहिले आणि चंक्रमणाची, म्हणजे येरझारा घालायची, जागा व घाम काढायचे न्हाणीघर मागितले. बुद्धाने परवानगी दिली. विनयपिटकात त्या न्हाणीघराचे नियमही आहेत: वडीलधाऱ्यांना चोळावे, चिखल झाला असेल तर धुवावा, आणि जो शेवटी निघेल त्याने भांडे धुऊन, आसने उचलून, विस्तव विझवून, दार लावून यावे. मुक्तीचा त्यात उल्लेख नाही, स्वच्छतेचा आहे. हॉटेलात हे शेवटचे काम पाहुण्याकडे नसते, पण कुणाकडे तरी असतेच. खोली घेताना वाय-फाय आहे का, नाश्ता धरलेला आहे का, हे आपण विचारतोच. मालिश करणाऱ्यांची पाळी किती तासांची आणि त्यांना आठवड्याची सुटी कोणत्या वारी, हेही त्याच खिडकीवर विचारता येईल.