उठायचे ते देहासकट

ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या दिवशी मेलेले उठतील, ही श्रद्धा म्हणजे मरणाच्या भीतीवरचा उतारा, असे सहज म्हटले जाते. इतिहास तपासला तर ते पटत नाही. मरणाला घाबरणाऱ्याचे काम आत्मा अमर आहे एवढ्यावर भागते. त्यासाठी देह उठवायची यातायात कशाला? यहुदी धर्मग्रंथांत ही आशा स्वच्छ शब्दांत उमटते ती दानीएलाच्या पुस्तकात, इसवी सनापूर्वी 165 च्या सुमारास. सेल्युकी राजा चौथा अँटिओकस तेव्हा धर्मनिष्ठ यहुद्यांना हालहाल करून मारत होता. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातल्या सात भावांपैकी एक जण जीभ आणि हात पुढे करतो आणि हे अवयव देवाकडून परत मिळतील, असे राजाला ठणकावतो. नियम पाळणारे मेले, मोडणारे जगले, मग देवाचा न्याय कुठे राहिला, हा तिथला खरा प्रश्न आहे. अन्याय देहावर झाला, म्हणून भरपाईही देहालाच हवी.

पौलाच्या पत्रांतही हाच धागा आहे. साधारण इ. स. 50 मध्ये थेस्सलनीकाच्या मंडळीतले काही जण ख्रिस्त परत येण्याआधीच वारले. मागे राहिलेल्यांना घोर लागला तो गेलेल्यांचा: ते या सोहळ्याला मुकणार का? पौल कळवतो की उलट तेच आधी उठतील. पुढे करिंथकरांना तो पेरलेल्या बियाचा दाखला देतो. इथे डहाणू-तलासरीकडे राब भाजून त्यात भात पेरणाऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही: लावणीला उपटतात ते रोप म्हणजे पेरलेला दाणा नव्हे, तरी ते त्याच दाण्याचे असते.

पण जाळलेला, माशांनी खाल्लेला देह उठणार कसा? दुसऱ्या शतकात ख्रिस्ती विचारवंत अथेनागोरासला याच शंकेला तोंड द्यावे लागले. ज्याने शून्यातून घडवले त्याला पुन्हा घडवणे जड नाही, हे ख्रिस्ती उत्तर. गंमत अशी की पारशांच्या बुंदहिश्न ग्रंथात अहुर मझ्दाही जवळपास तेच सांगतो. मृतांना परंपरेने गिधाडांच्या स्वाधीन करणारा आणि तरीही अंती देह उठतील असे मानणारा हा समाज डहाणूला परका नाही. परंपरेनुसार पारशांचे संजाण पडल्यावर त्यांचा पवित्र इराणशाह अग्नी बारा वर्षे इथल्याच बहरोटच्या डोंगरात लपवला होता. पुनरुत्थानाची ही कल्पना कोणी कोणाकडून उचलली, हा वाद विद्वानांत मिटलेला नाही, कारण बुंदहिश्न आजच्या रूपात नवव्या शतकाच्या आसपासचे आहे. देवाला पुन्हा घडवणे जड नाही हे उत्तर हाताशी असूनही कॅथलिक चर्चने 1886 मध्ये दहनाला बंदी घातली आणि 1963 मध्ये ती सैल केली. श्रद्धा तीच राहिली. मग चिता तिच्या आड कधी येत होती, असे म्हणायचे?

खरा बदल त्याआधी झाला. 1215 च्या लॅटरन परिषदेने ज्याचा त्याचा हाच देह उठेल असे ठरवले होते. 1336 मध्ये पोप बारावे बेनेडिक्ट यांनी शुद्ध आत्म्यांना मरताच देवदर्शन घडते असे जाहीर केले. दोन्ही शिकवणी शेजारी शेजारी टिकल्या, पण आत्मा आधीच पोचल्यावर शेवटच्या दिवसाची निकड उरत नाही. भाविकाचे लक्ष स्वतःच्या सुटकेकडे वळले आणि छळलेल्या देहाचा दावा मागे पडला. माझ्या मते इथेच ही श्रद्धा पांगळी झाली.

तलासरीत येशूसंघाच्या ज्ञानमाता सदनाइतकाच कम्युनिस्टांचा लाल बावटाही रुजलेला आहे, त्यामुळे सर्वांत टोकदार आक्षेपही इथलाच: परलोकाच्या आशेने माणूस मुकाट राबतो. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या लग्नगडी म्हणून खपलेल्या वारल्यांना मे 1945 मध्ये झरीच्या सभेत लाल बावट्याच्या गोदावरी परुळेकरांनी वेठ नाकारायला सांगितले. थांबून राहायला नव्हे. आक्षेप अर्धा खरा आहे. आत्म्यापुरत्या स्वर्गाची आशा अशी वापरता येते आणि वापरली गेली आहे. पण मक्काबींच्या गोष्टीतला तो भाऊ मुकाट नव्हता. देह परत मिळेल या भरवशावरच तो राजाला नकार देऊ शकला.

शिवाय वेठीविरुद्धच्या या चळवळीचाही एक हिशेब अपुरा राहतो. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण पडले. वेठ पुढे संपली, ती जिवंतांची. त्या पाचांना आणि वेठीतच संपलेल्या असंख्य निनावींना काय मिळाले? स्मृतिदिन पाळणे हे आपले कर्तव्य, पण तो आपण पाळतो, त्यांच्या पदरात काही पडत नाही. मॅक्स होर्कहायमर मार्क्सवादी परंपरेतला, देव न मानणारा. त्याने 1937 मध्ये तत्त्वचिंतक वॉल्टर बेन्यामिनला लिहिले की मारले गेले ते खरोखरच मारले गेले, आणि तो अन्याय अजून मिटायचा आहे असे म्हणायचे तर अंतिम न्यायावर विश्वास ठेवावा लागेल. त्याने तो ठेवला नाही. मात्र ही श्रद्धा नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे त्याने अनेक धर्मोपदेशकांपेक्षा अचूक ओळखले होते.