वस्तरा खाली ठेवण्याचा धर्म

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातलं ताहाराबाद हे संतचरित्रकार महिपतींचं गाव. घरात कुलकर्णीपण चालत आलेलं. परंपरेत असं सांगतात, की महिपती पूजेला बसले असताना जहागीरदाराचा शिपाई बोलावणं घेऊन आला आणि पूजा आटोपेपर्यंत थांबायला तयार होईना. महिपती गेले, काम उरकून परतले आणि लेखणी देवापुढे ठेवून त्यांनी शपथ घेतली, की यापुढे ती चाकरीसाठी उचलायची नाही. तीच लेखणी संतांसाठी मात्र चालत राहिली. 1762 मध्ये ‘भक्तविजय’ पूर्ण झाला आणि त्यात त्यांनी सेना न्हाव्याची गोष्ट सांगितली.

ती महाराष्ट्रभर कीर्तनांतून पोचलेली आहे. राजवाड्यातून हजामतीचं बोलावणं येतं, सेना महाराज पूजेत असतात, राजा संतापतो. मग विठ्ठलच सेनाचं रूप घेतो, धोकटी काखेला मारतो आणि वाड्यात जाऊन राजाची हजामत करतो. तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसतं. शिपाई, पूजा, ताटकळलेला मालक हे सगळं परंपरेप्रमाणे महिपतींनी स्वतः सोसलेलं होतं. म्हणूनच बहुधा हा प्रसंग त्यांच्या हातून इतका जिवंत उतरला.

या गोष्टीत एक प्रश्न दडला आहे. पूजा मोठी की काम? सेना महाराज पूजा सोडून उठले नाहीत, म्हणजे पूजा मोठी म्हणावी. पण देवाने त्या वेळात काय केलं, तर हजामत. भक्ताचं राहिलेलं काम त्याला हलकं वाटलं नाही. आणखीही एक गोष्ट आहे. देवाने जी धोकटी उचलली, तिच्यातल्या वस्तऱ्याला धार कुणी लावली होती? गोष्ट त्याबद्दल काही सांगत नाही. पण राजाच्या गालावर बिनधारेचा वस्तरा चालला नसता. म्हणजे सेना महाराजांनी तो आधीच पाजवून ठेवलेला असणार. दगडावरची ती मेहनत माणसाची आणि तिच्या जोरावर देवाची सेवा पार पडली.

ही मेहनत जवळून पाहण्यासारखी असते. दगड पाण्याने भिजवायचा. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतील असं पातं त्यावर आडवं ठेवायचं. पाठीच्या जाडीमुळे कोन आपोआप सांभाळला जातो. मग धार पुढे ठेवून पातं सरकवायचं, टोकाला पोचल्यावर पाठीवरच उलटायचं, उचलून नव्हे, आणि दुसऱ्या बाजूने परत आणायचं. सुरुवातीला थोडा दाब, शेवटी शेवटी फक्त पात्याचं वजन. दगडावरचं पाणी पोलादाच्या कणांनी काळपट होत जातं. पातं उजेडात तिरकं धरून पाहावं. बोथट धार पांढऱ्या रेघेसारखी चमकते. नीट लागलेली धार दिसतच नाही, कारण प्रकाश परतवायला तिथे पुरेशी जागाच उरलेली नसते. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर हात फिरतो, पण तिथे पाठ पुढे आणि धार मागे. उलट केलं तर पट्टा कापला जातो.

दगड कुठलाही चालत नाही. नगर जिल्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर उभा आहे. या काळ्या पाषाणाने विहिरी, वाडे, देवळं दिली. शस्त्रंही दिली: प्रवरेकाठच्या नेवाशात 1954 ते 1956 दरम्यान ह. धी. सांकलिया यांनी केलेल्या उत्खननात घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी निघाल्या. पण वस्तऱ्याच्या शेवटच्या धारेला फार बारीक आणि एकसारखा कण लागतो. त्यासाठी बेल्जियममधल्या आर्देनच्या डोंगरातला सूक्ष्म गार्नेटचा पिवळसर दगड किंवा क्योतोजवळच्या खाणींतला दगड जगभर नावाजला गेला. असा दगड पोलादात काही घालत नाही. तो फक्त जादा आहे ते काढतो.

त्याच नेवाशात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या अठराव्या अध्यायात वाट्याला आलेलं काम हीच ईश्वराची पूजा, असा विचार आहे. त्याआधी कठोपनिषदाने आत्मज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली होती. त्या उपमेत धारेवरून चालणारा साधक आहे, ती धार लावणारा मात्र नाही. वारकऱ्यांनी त्याला, सेना महाराजांच्या रूपाने, संतांच्या मेळ्यात बसवलं. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही सैण भगत म्हणून त्याचं एक पद आहे. ही फार मोठी गोष्ट आहे.

तरीही ‘काम हीच पूजा’ एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. कारण पाजवलेला वस्तरा डोकं पाहत नाही. तोच वस्तरा नवरा गेलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावरूनही फिरला. ब्राह्मण घरांत विधवेचं केशवपन धर्म समजलं जाई आणि ते न्हाव्याच्या हातून होई. त्याने हात सफाईने चालवला, तर ती पूजा झाली का?

1890 मध्ये मुंबईत फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरलं. या विचाराचा एक धागा नगरलाही येतो. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे इथे, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार बाईंकडे घेतले. पुढे 1863 मध्ये फुले दांपत्याने पुण्यात फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. वस्तरा न उचलण्याचा मुंबईतला तो ठराव म्हणजे महाराष्ट्राच्या धर्मविचारातलं एक ठळक पान आहे. ज्ञानेश्वरीवर बोलताना ते वगळलं जातं, हे योग्य नाही.

मात्र नकार म्हणजे आपोआप पुण्य, असंही नाही. गावगाड्यात दलितांची हजामत करायची नाही हा दंडकही नकारच होता, आणि तोही धर्माच्याच नावाने पाळला गेला. वरून दोन्ही नकार सारखे दिसतात. पण पहिल्यात विधवा पोरीची विटंबना थांबते, दुसऱ्यात माणसाची विटंबना चालू राहते. आपल्या हाताने समोरच्याचं काय होणार आहे, हे पाहिल्याशिवाय कसब पूजा ठरत नाही आणि नकारही. बलुत्याचं धान्य गावाकडून घेणाऱ्या माणसाला हे पाहणं सोपं नव्हतं. पुढच्या सुगीला पोटापाण्याचं काय, ही भीती खरी होती. मुंबईतल्या न्हाव्यांना रोख मजुरी आणि जातभाईंची संघटना होती. गावात बलुतेदाराला अशी पाठराखण मिळणं अवघड होतं.

आता सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड लागतं. रक्तातून पसरणाऱ्या आजारांच्या दृष्टीने ते बरंच झालं, पण दगड दुकानातून गेला. श्रावण वद्य द्वादशीला नाभिक समाज सेना महाराजांची पुण्यतिथी साजरी करतो. त्या कीर्तनात तेलाच्या वाटीतलं चतुर्भुज रूप हमखास येतं. 1890 ची सभाही त्याच कीर्तनात यायला हवी, आणि दलितांना नाकारलेली हजामतही.