नवे काय, आणि नवे कोणासाठी?

गेल्या महिन्यात इंदापूर तालुक्यातील आमच्या गावी रविवारची वंदना आटोपली आणि विहाराच्या ओट्यावर एक वाद सुरू झाला. निमित्त साधे होते. बारामतीच्या एम.आय.डी.सी.त कंत्राटावर काम करणाऱ्या एका बांधवाचा मुलगा यंदा दहावीत आहे. त्याला नवा फोन हवा होता, आणि तोही जाहिरातीतला, नुकताच आलेला. किंमत बापाच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. दुकानदार हप्त्याने द्यायला तयार.

एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "ही सगळी लूट आहे. तोच माल, वरचे वेष्टन निराळे." मुलगा हटला नाही. तो म्हणाला, "कंपनी दरवर्षी नवे मॉडेल काढते ते उगाच का, आजोबा? शास्त्रज्ञ काही तरी शोधतातच की!" मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मास्तर म्हटले की उत्तर तयार असले पाहिजे, अशी आपल्या समाजाची समजूत. माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या रविवारी सांगतो, असे म्हणून मी वेळ मारून नेली. पंधरा दिवस जो विचार केला, तो वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

प्रथम 'नवे' कशाला म्हणायचे ते ठरवू. जगात प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी बदलत असते, हे आपण विहारात नेहमी ऐकतो. पण प्रत्येक बदल नवा नसतो. घराला चुना लावला म्हणजे नवे घर बांधले असे होत नाही. माझ्या मते नवेपणाची कसोटी एकच. काल जे माणसाला करता येत नव्हते, ते या वस्तूमुळे आज करता येते काय? येत असेल तर ती वस्तू खरोखर नवी. येत नसेल तर तो केवळ चुना.

या कसोटीवर फोनचा इतिहास तपासू. आपल्या देशात मोबाईलवरचे पहिले बोलणे 31 जुलै 1995 रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला 16 रुपयांपर्यंत होता. ती श्रीमंतांची वस्तू होती. 2003 साली येणारे कॉल फुकट झाले, आणि त्याच वर्षी नोकियाचा 1100 हा साधा फोन आला. त्यात बॅटरी होती, म्हणजे उजेडाची. बटणांत धूळ जाऊ नये अशी रचना होती. वीज गेलेल्या गावात रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतमजुराचा विचार कोणीतरी केला होता. जगभर 25 कोटींहून अधिक असे फोन विकले गेले. किंमत थोडी, दिसायला साधा. पण तो खरा नवा होता.

2007 साली ॲपलचा पहिला आयफोन आला आणि बटणांच्या जागी काच आली. बोटाने चालणारा लहानसा संगणकच माणसाच्या खिशात आला. 2016 साली यू.पी.आय. आले, त्याच वर्षी जिओमुळे इंटरनेट स्वस्त झाले, आणि भाजीवालीच्या टोपलीपाशी पैसे घेण्याचा चौकोनी कागद लागला. हे सारे टप्पे नवे होते.

त्यानंतर? कॅमेऱ्याला एकाचे दोन आणि दोनाचे तीन डोळे झाले. पडदा अधिक झळकू लागला. वेग वाढला. 2019 पासून घडी घालता येणारे फोन बाजारात आले. हे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. यामागे हजारो अभियंत्यांची मेहनत आहे. पण आमच्या कसोटीवर दोन लगतच्या मॉडेलांत फरक थोडाच उरतो. यात आश्चर्य नाही. कोणतेही यंत्र लहानपणी झपाट्याने वाढते आणि पुढे त्याची वाढ मंदावते. सायकलीचेही तेच झाले. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

लाज वाटावी अशी गोष्ट निराळी आहे. वाढ मंदावली, पण विक्री मंदावू द्यायची नाही. ज्याच्याजवळ फोन नाही त्याला विकून झाले. आता ज्याच्याजवळ आहे त्यालाच पुन्हा विकायचा. ही युक्ती फोनवाल्यांनी शोधलेली नाही. अमेरिकेत फोर्डने 1908 पासून 1927 पर्यंत एकच मॉडेल टी मोटार विकली, दीड कोटीच्या वर. तेव्हा जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी गाडीचे रूप बदलण्याची रीत पाडली. हेतू हा, की गेल्या वर्षीची गाडी चांगली चालत असतानाही मालकाला ती जुनी वाटावी. यंत्र जुने करण्यापेक्षा माणसाचे मन जुने करणे स्वस्त पडते!

पण मग वस्तू बदलूच नये काय? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. आकुर्डीच्या बजाज कारखान्यात 1972 पासून चेतक स्कूटर निघू लागली. परवान्यांचा काळ होता, स्पर्धा थोडी होती. लोक पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहत. ग्राहक दाराशी उभाच आहे म्हटल्यावर गाडी सुधारायची कोणाला घाई? चेतक पुष्कळ काळ जवळजवळ तशीच राहिली, आणि पुढे मोटारसायकली आल्या तेव्हा मागे पडली. शेवटी ती बंद झाली. 2019 मध्ये तेच नाव घेऊन विजेवर चालणारी चेतक पुढे आली. न बदलणे हा सद्गुण नव्हे, हा त्यातला धडा.

आता बारामतीकडे पाहा. भिगवण रस्त्याच्या एम.आय.डी.सी.त पियाजिओचा कारखाना आहे. तेथे ॲपे रिक्षा होते, आणि 2012 पासून व्हेस्पा स्कूटर होते. व्हेस्पाचा तो गोलसर आकार इटलीत 1946 साली जन्मला. आज बारामतीहून निघणारी व्हेस्पा लांबून पाहिली तर तीच वाटते. पण आत पूर्वीचे धूर ओकणारे टू-स्ट्रोक इंजिन नाही. त्या जागी फोर-स्ट्रोक आले, आणि 1 एप्रिल 2020 पासूनच्या प्रदूषणाच्या कडक नियमांमुळे कार्बोरेटर जाऊन पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा आली. बाहेर जुने, आत नवे. फोनच्या जाहिरातीत पुष्कळदा याच्या उलट असते.

खरा नवेपणा कधी कधी कोणत्याच मॉडेलमध्ये नसतो. 2017 साली गूगलने मराठीत बोलून लिहिण्याची सोय फोनवर दिली. त्यासाठी नवा फोन घ्यावा लागला नाही. हातातल्या फोनवरच ती आली. माझी आई पाटीला हात न लावता म्हातारी झाली. आज ती फोनपाशी तोंड नेऊन मराठीत विचारते आणि उत्तर ऐकते. अक्षर ज्यांच्यापासून चोरून ठेवले होते, त्यांना तोंडाने लिहिता आले! याहून नवे काय असेल? पण त्याचा फलक बारामतीच्या चौकात मी कधी पाहिला नाही.

कंपन्यांचे वर्तन कधी कधी नुसत्या भपक्याच्याही पुढे जाते. 1924 च्या अखेरीस जगातल्या बड्या बल्ब उत्पादकांनी जिनिव्हात संघ केला आणि बल्बचे आयुष्य हजार तासांवर आणून ठेवले. 2017 च्या डिसेंबरात ॲपलने कबूल केले की बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनचा वेग तिने कमी केला होता. फोन एकाएकी बंद पडू नये म्हणून असे केले, हे तिचे म्हणणे. ते खरेही असेल. पण ग्राहकाला आधी सांगितले असते तर त्याने नव्या फोनऐवजी नवी बॅटरी घेतली असती. 2020 साली अमेरिकेतील दाव्यात कंपनीने 50 कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे मान्य केले.

मलाही असा अनुभव आला. तीन वर्षांचा फोन घेऊन दुकानात गेलो तर उत्तर मिळाले, "याचा पार्ट येत नाही, गुरुजी. नवाच घ्या." मी बाहेर पडलो. एस.टी. स्टँडजवळ हातगाड्याएवढ्या टपरीत बसणाऱ्या एका पोराने अर्ध्या तासात बॅटरी बदलून दिली. तो फोन अजून चालतो आहे.

येथे मला स्वतःलाच थांबवावे लागते. कारण 'आहे त्यात समाधान मान' हा उपदेश आपल्या लोकांना शतकानुशतके ऐकवला गेला. नवे कापड नको, धातूचे भांडे नको, पायात वहाण नको! उपदेश करणाऱ्याच्या घरी मात्र सर्व होते. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या मायबहिणींना लुगडे नेसण्याची रीत बदलायला सांगितली, आणि अंगावरचे जातीची ओळख सांगणारे दागिने टाकायला सांगितले. नवे घेण्याचा हक्क आपण भांडून मिळवला आहे. 1945 सालच्या काँग्रेस व गांधींवरील ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रविरोधाची झाडाझडती घेतली. दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, आणि यंत्रानेच कष्टकऱ्याला फुरसत मिळेल, असा त्यांचा विचार होता. तेव्हा त्या मुलाला 'फोन नको, समाधान हवे' असे सांगण्याचा अधिकार मला नाही.

पण दुसरीही बाजू आहे. महाडला जे टाकले ते ओझे होते. आज जाहिरात आपल्या मुलांच्या मनावर कोणते ओझे ठेवते? तुझ्या हातातली वस्तू जुनी, म्हणून तू कमी, असे ती सांगते. माणूस कमी ठरवण्याची ही भाषा आपल्या ओळखीची आहे. पूर्वी ती जन्मावरून बोलली जाई, आता वस्तूवरून बोलली जाते. जी लाज बापजाद्यांनी फेकून दिली, ती हप्त्याने विकत का घ्यावी? आपली प्रतिष्ठा पुढच्या वर्षी नवे मॉडेल येताच संपणारी नसावी.

आणखी एक प्रश्न आहे. टाकलेला जुना फोन जातो कोठे? दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत तो फोडला जातो. तारा जाळून तांबे काढतात, तेजाब वापरून धातू वेगळे करतात. त्या धुरात बहुतेक गरीब माणसे बसलेली असतात. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले, तरी ही कामे थांबलेली नाहीत. दुसऱ्यांची घाण उपसण्याचे काम कोणाच्या वाट्याला येते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्या खरेदीतून अशी घाण वाढते, ती विनाकारण करणे हा केवळ पैशाचा प्रश्न राहत नाही.

मग ठरवायचे कसे? कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले की परंपरेने आले, लोक म्हणतात, किंवा सांगणारा मोठा आहे, म्हणून काही स्वीकारू नका. हिताचे की अहिताचे ते स्वतः तपासा. हा नियम दुकानातही चालतो. या वस्तूने मला काल न जमणारे काय जमेल? ती मोडली तर दुरुस्त होईल काय, आणि कंपनी तिला किती वर्षे सांभाळील? हप्ते फेडताना घरातल्या कोणाचे शिक्षण वा औषध थांबणार नाही ना?

दुसरा प्रश्न एकट्याने विचारून भागत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. गूगलने 2023 मध्ये आणि सॅमसंगने 2024 मध्ये आपल्या काही महागड्या फोनना सात वर्षे सॉफ्टवेअर पुरवण्याचे जाहीर केले. हेच संरक्षण स्वस्त फोनला मिळाले पाहिजे, कारण तो जास्त दिवस वापरण्याची गरज गरिबालाच असते.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाला हे तिन्ही प्रश्न दिले. त्याने प्रामाणिकपणे तपासले. घरातला फोन इतका जुना होता की अभ्यासाचे ॲप त्यावर चालतच नव्हते. कंपनीने त्याला नवे सॉफ्टवेअर देणे कधीच सोडले होते. म्हणजे त्याची मागणी खोटी नव्हती. वडीलधाऱ्यांनीही ते मान्य केले. पण त्याचे काम भागवणारा फोन जाहिरातीतल्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यात मिळाला, रोखीने, हप्ता न करता. जुना त्याची आजी वापरते, बोलण्यापुरता.

कंपन्या नवे शोधतात काय? शोधतात, पण दरवर्षी नाही, आणि नेहमी आपल्यासाठी नाही. दरवर्षी येते ते मॉडेल. दोहोंतला फरक ओळखणे हे आपले काम आहे, आणि ते आपल्यासाठी दुसरे कोणी करणार नाही.