वासनिकाचा द्रव्यविचार

लीळाचरित्राच्या एकांकात हरिपाळदेवांचा एक प्रसंग आला आहे. भडोचच्या या प्रधानपुत्राकडून द्यूतात द्रव्य हरले गेले आणि जिंकणाऱ्यांनी त्याची मागणी केली. हरिपाळदेवांनी घरी पत्नी कमळाइसा यांच्याकडे अलंकार मागितले. त्यांनी ते देण्यास नकार दिला. पुढे पित्याने ते ऋण फेडले. परंतु या प्रसंगातून उदासीनता प्रकट झाली, आणि रामयात्रेचे निमित्त होऊन गुजरातेतील सर्व वैभव मागे राहिले. त्याच प्रवासात ऋद्धिपूरला श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली.

या लीळेचा विचार करताना प्रथम एक मर्यादा सांभाळली पाहिजे. पंथाच्या श्रद्धेप्रमाणे हरिपाळदेवांच्या देहात तेव्हा श्रीचांगदेव राऊळांचा प्रवेश झालेला होता. ईश्वराची क्रीडा हे जीवाचे व्यसन नव्हे, आणि ती जीवाने अनुकरण करावी यासाठी नसते. जीवाला विधी आहे तो व्यसनत्यागाचा, आणि सात व्यसनांत द्यूताची गणना आहे. म्हणून या लीळेत द्यूताला आधार शोधू नये. जीवाच्या उपयोगाचा बोध तेवढा शोधावा.

तो बोध कोणता? कमळाइसांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु स्त्रीधन हे स्त्रीचे असते, आणि दुसऱ्याच्या हातून झालेले द्यूताचे ऋण फेडण्याचे बंधन तिच्यावर नसते. नकार योग्य होता की अयोग्य, हा येथील मुख्य विषयच नव्हे. मुख्य विषय असा की, मागणी आली तेव्हाच कोणाला काय किती प्रिय आहे हे उघड झाले. मागणीपूर्वी सर्वच प्रिय असते; आप्त प्रिय, अलंकार प्रिय, कुळाची प्रतिष्ठाही प्रिय. मागणी आली की या प्रियांमध्ये क्रम लागतो. तो क्रम त्या घटकेला नव्याने ठरत नाही. तो अंतःकरणात पूर्वीपासूनच असतो. माणसाला मात्र त्याची जाणीव नसते.

वासनिकाचा अवघा प्रपंच अशा मागण्यांनी भरलेला आहे. अनुसरलेला साधक भिक्षेवर देह चालवतो. संचयाचा संबंध त्याने तोडलेला असतो. वासनिकाला तसे करता येत नाही. धान्य साठवणे, मुलांचे शिक्षण, आजारपण, वार्धक्य या सर्वांची तरतूद त्याला करावीच लागते, आणि ती करणे हा दोष नव्हे. द्रव्य असावे की नसावे, हा त्याच्यापुढील प्रश्न नाही. द्रव्य कोणाच्या सांगण्यावरून हलते, लोभाच्या, लोकलाजेच्या की धर्माच्या, हा त्याच्यापुढील प्रश्न आहे.

पहिली मागणी लोभाची. द्यूत आज केवळ फाशांनी खेळले जात नाही. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या ३ आर्थिक वर्षांत समभागांच्या फ्यूचर्स-ऑप्शन्स व्यवहारांत उतरलेल्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेला २०२५ मध्ये बंदीचा कायदा करावा लागला. कायदा खेळ बंद करू शकतो, वासना बंद करू शकत नाही. श्रम न करता फळ मिळावे ही इच्छा एकदा मनात घर करून बसली की, तिला व्यवहाराचे कोणतेही नाव चालते. शिवाय अशा घरात एक मोठा अन्याय घडतो. डाव मांडताना ज्यांना विचारलेले नसते, त्या पत्नीपुढे आणि वृद्ध पित्यापुढे ऋणाच्या वेळी मात्र हात पसरला जातो.

दुसरी मागणी लोकलाजेची. चार एकर कोरडवाहू जमीन असलेला वासनिक मुलीच्या विवाहासाठी एक एकर विकतो. मुलगी पुढे शिकू इच्छिते, वरपक्षही साधेपणाला राजी असतो. तरीही जमीन विकली जाते, कारण भावकी काय म्हणेल ही भीती मोठी ठरते. हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे; पण मानपानाच्या आवरणाखाली तोच खर्च पुन्हा उभा राहतो. ज्या देवतांचे फळ अनित्य आहे असे तो श्रवणात ऐकतो आणि मानतो, त्यांच्याच विधींसाठी तो शेजाऱ्यांच्या समाधानाकरिता ऋण काढतो. मुखी अनन्यता आणि खर्चाच्या वहीत लोकलाज, अशी ही फारकत आहे. या दोहोंत वही अधिक खरे बोलते.

तिसरी मागणी देहांताची. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो अधिक स्पष्ट केला. तरीही बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना प्रेमाची भाषा वापरली जाते. ज्याला न्याय प्रिय आहे, त्याने हा विषय मुलांच्या भरवशावर सोडू नये. स्वकष्टार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र २ साक्षीदारांच्या सह्यांनिशी बुद्धी स्थिर असतानाच करून ठेवावे. देह पडल्यावर लेकरांत वैर माजले, तर त्या वैराचे बीज पित्याच्या आळसातही असते.

या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. निश्चय आधी झालेला नसला की, मागणीच्या वेळी आसक्ती किंवा भय निर्णय करते. म्हणून निश्चय मागणीच्या पूर्वी करावा. पीक घरात येण्याआधी किंवा वेतन हाती पडण्याआधी पतीपत्नींनी एकत्र बसून क्रम ठरवावा. प्रथम ऋण, कारण ते दुसऱ्याचे द्रव्य आहे. मग आश्रितांचे अन्न, औषध आणि शिक्षण. मग आजारपण व वार्धक्य यांसाठी संचय. त्याबरोबरच, थोडा का होईना, धर्माचा वाटा. ऋण काढून दान करू नये. ते सावकाराच्या द्रव्याचे दान होते. आणि सर्व हौस पुरल्यावर उरेल ते धर्माला, असेही म्हणू नये. कारण हौस पुरी झाल्याचे कोणाच्याही वहीत आढळत नाही.

निश्चय झालेल्या जीवाचे उदाहरण म्हाइंभटांचे आहे. सराळ्याचे हे पंडित विद्वान होते आणि संपन्नही होते. परंतु काय मोलाचे हे एकदा ठरल्यावर विद्वत्तेचा अभिमान आणि घरचे वैभव यांचा त्याग त्यांना जड गेला नाही. ज्यांना ज्यांना स्वामींचे सन्निधान घडले होते, त्यांचा शोध घेत ते हिंडले आणि एकेक लीळा मिळवीत गेले. त्या श्रमातून लीळाचरित्र सिद्ध झाले.

प्रत्येक वासनिकाला म्हाइंभटांसारखा त्याग साधेल असे नाही, आणि तसा आग्रहही नाही. परंतु आपल्या प्रियांचा क्रम ओळखणे प्रत्येकाला साधण्यासारखे आहे. वर्षातून एकदा खर्चाची वही उघडावी आणि प्रत्येक मोठ्या रकमेपुढे ती कोणाच्या मागणीने गेली ते लिहावे. जेथे लोभ किंवा लोकलाज लिहावी लागेल, तेथे पुढील वर्षीचा निश्चय आजच करावा. स्मरणात परमेश्वराला प्रथम स्थान देणाऱ्याने व्यवहारातही ते देण्याचा प्रयत्न करावा, इतकेच या लीळेच्या निमित्ताने निवेदन.

दंडवत प्रणाम.